श्रुतलेखन आणि शब्द नसलेलं पुस्तक



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. चार महिने मेलबर्नला लेकीकडे होते. परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, "काय काय पाहिलंत?" समुद्र पाहिला, कांगारू पाहिले, ट्रामने भरपूर हिंडले. फोटो लेकीने सगळ्यांना पाठवलेच आहेत, तेव्हा त्यावर लिहीत नाही. लिहायचं आहे ते एका पुस्तकाबद्दल, आणि त्या पुस्तकाने मला चाळीस वर्षं मागे नेऊन जे दाखवलं त्याबद्दल. जरा लांबण लागेल, पण माझ्या तासाला बसायची तुमच्यापैकी अनेकांना सवय आहे!

माझी नात नऊ वर्षांची आहे. तिला मराठी समजतं, पण बोलताना अडखळते. मी मराठी माध्यमात बीए झालेली. इंग्रजी वाचते, पण तिच्या वेगाने बोलायला गेले की माझीच त्रेधा उडते. त्यामुळे रात्री गोष्ट वाचायची म्हटली की पंचाईत. मी इंग्रजी पुस्तक वाचलं की ती उच्चार सुधारते, मराठी वाचलं की दर ओळीला "म्हणजे काय?" एके दिवशी तिने शाळेच्या ग्रंथालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि म्हणाली, "आजी, यात वर्ड्सच नाहीत. तू पण वाचू शकतेस." हे "तू पण" ऐकून मास्तरणीला काय वाटलं असेल, त्याची कल्पना करा!

पुस्तकाचं नाव 'द अरायव्हल', म्हणजे आगमन. चित्रकार शॉन टॅन, ऑस्ट्रेलियाचाच. पुस्तक २००६ साली आलं. सव्वाशेच्या वर पानं, सगळी पेन्सिलने काढलेली, जुन्या तपकिरी फोटोंसारखी. करायला चार वर्षांच्या आसपास लागली. गोष्ट साधी आहे. एक माणूस बायको आणि लहान मुलीला मागे ठेवून परदेशी जातो. सुटकेस भरताना कुटुंबाचा फोटो कागदात गुंडाळून आत ठेवतो. आगगाडी, मग मोठं जहाज. जहाजावरचे दिवस सांगायला टॅनने काय करावं? दोन पानं भरून नुसते ढग काढलेत. छोट्या छोट्या चौकटी, प्रत्येकीत वेगळा ढग. नात म्हणाली, "रोज एक ढग." मला हे सुचलं नव्हतं.

मग तो नव्या शहरात उतरतो आणि तिथलं काहीच ओळखीचं नाही. पक्षी विचित्र, फळं विचित्र, घड्याळंसुद्धा विचित्र. पाट्यांवर लिहिलेलं आहे, पण ती लिपी जगात कुठेच नाही. टॅनने रोमन अक्षरांचे तुकडे करून, ते उलटसुलट जुळवून ती लिपी तयार केली आहे. नातीने सवयीने विचारलं, "आजी, इथे काय लिहिलंय?" मी म्हटलं, "मला पण येत नाही गं." ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. आजीला येत नाही आणि आपल्यालाही येत नाही, असं दोघींचं एकदम कधी झालंच नव्हतं. त्या रात्री अकरा वाजेपर्यंत आम्ही जागलो आणि लेकीची बोलणी खाल्ली.

त्या माणसाला राहायला खोली हवी असते. भाषा येत नाही, म्हणून तो वहीत पलंगाचं चित्र काढून दाखवतो. त्याला काम मिळतं भिंतीवर पत्रकं चिकटवायचं, आणि तो ती सगळी उलटी चिकटवतो, कारण सरळ कुठलं आणि उलटं कुठलं हेच त्याला वाचता येत नाही. नात पोट धरून हसली. मला हसू आलं नाही. असं पान मी पूर्वी कुठेतरी पाहिलंय असं वाटत राहिलं. त्याकडे नंतर येते.

आता थोडा इतिहास, कारण सवय जात नाही. या पुस्तकातली बरीच दृश्यं खऱ्या फोटोंवरून आणि चित्रांवरून सुचलेली आहेत. उतरल्यावरचा तो भव्य दिवाणखाना, लांबच लांब रांगा, कोटाला टाचलेल्या चिठ्ठ्या, डॉक्टरांची तपासणी, हे सगळं न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटाचं आहे. १ जानेवारी १८९२ ला हे केंद्र उघडलं आणि १९५४ मध्ये बंद झालं. तेवढ्या काळात सुमारे १ कोटी २० लाख माणसं तिथून अमेरिकेत शिरली. पहिली आत गेलेली मुलगी आयर्लंडची, ॲनी मूर, अवघी सतरा वर्षांची. जिना चढून येणाऱ्या माणसांकडे डॉक्टर काही सेकंद बघत आणि संशय आला तर कोटावर खडूने अक्षर काढत. डोळ्यांसाठी ई, हृदयासाठी एच, लंगडेपणासाठी एल, मानसिक दोषाच्या संशयाला एक्स. डोळ्यांत खुपऱ्या आहेत का ते बघायला पापणी उलटवत, त्यासाठी बुटाची बटणं लावायचा आकडासुद्धा वापरत. ज्यांच्या कोटावर ते अक्षर पडे त्यातल्या कितीतरी जणांना ते वाचताच येत नसे. आपल्या अंगावर आपल्याबद्दल काहीतरी लिहिलंय आणि ते काय, हे बाकी सगळ्यांना कळतंय!

खडूच्या त्या अक्षरांवर मी बराच वेळ थांबले. जन्मभर खडूच हातात होता ना.

एलिस बेटावर शब्द नसलेल्या परीक्षाही होत्या. हॉवर्ड नॉक्स नावाचे डॉक्टर १९१२ ते १९१६ या काळात तिथे होते. मंदबुद्धीच्या माणसांना देशात घ्यायचं नाही असा कायदा, आणि समोर येणाऱ्याची भाषा पोलिश, इटालियन, ग्रीक, यिडिश, काहीही. शिवाय अनेकांनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नाही. अशा माणसाला शाळेतले प्रश्न विचारून मंद ठरवणं योग्य नाही, हे नॉक्स यांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांनी लाकडी ठोकळे आणि तुकडे आणले. चार ठोकळ्यांवर ठरावीक क्रमाने टकटक करायची आणि समोरच्याने तशीच करून दाखवायची. माणसाच्या चेहऱ्याचे लाकडी तुकडे जुळवायचे. बोलायचं नाही, लिहायचं नाही. हेतू चांगला होता, पण परीक्षा ती परीक्षाच. आठवडा-दोन आठवडे बोटीने येऊन, रात्रभर न झोपलेल्या माणसाला अनोळखी साहेबासमोर नाकडोळे जुळवून दाखवायचे होते.

१९१७ साली अमेरिकेने कायदाच केला, की सोळा वर्षांवरच्या माणसाला कुठल्यातरी भाषेतले तीस-चाळीस शब्द वाचता आले पाहिजेत. त्याच कायद्याने आशियाचा मोठा पट्टा, त्यात आपला हिंदुस्थानही, बंद केला. म्हणजे तुम्हाला वाचता येवो न येवो, सारखंच.

पण मला खरा धक्का बसला तो ऑस्ट्रेलियाच्या इतिहासाने. मेलबर्नमध्ये फ्लिंडर्स स्ट्रीटवर जुन्या कस्टम हाउसच्या इमारतीत स्थलांतराचं संग्रहालय आहे. पुस्तकाचं वेड लागलेलं पाहून लेकीने तिथे नेलं. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत सुटले आणि त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येऊ लागला. डिक्टेशन टेस्ट. आपल्या भाषेत श्रुतलेखन!

मंडळी, मी चौतीस वर्षं शाळेत श्रुतलेखन घातलं. दर शनिवारी, दहा ओळी, एका चुकीला अर्धा गुण वजा. आणि इथे एका देशाने श्रुतलेखनाचा दरवाजा करून ठेवला होता. १९०१ च्या कायद्याप्रमाणे उतरणाऱ्या माणसाला अधिकारी कुठल्याही युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा वाचून दाखवायचा आणि त्याने तो लिहायचा. भाषा कुठली, हे अधिकारी ठरवणार. १९०५ मध्ये 'युरोपीय' शब्द काढून 'ठरवून दिलेली कुठलीही भाषा' असं केलं, कारण जपानला तो शब्द अपमानाचा वाटत होता. व्यवहारात फरक पडला नाही. एखाद्या चिनी किंवा हिंदी माणसाला इंग्रजी चांगलं येतंय असं दिसलं तर त्याला दुसऱ्याच भाषेत उतारा घालता येई. १९०२-०३ मध्ये ८०५ वेळा ही परीक्षा झाली, ४६ जण पास. १९०४ ते १९०९ मध्ये ५५४ वेळा, पास सहा. १९०९ नंतर एकही नाही. ज्यांना आत घ्यायचं असे त्यांना परीक्षाच देत नसत.

१९३४ सालची गंमत ऐका. प्रागचे पत्रकार एगॉन किश हिटलरविरोधी सभेसाठी आले. सरकारला ते नको होते. बोटीवरून उतरू देईनात म्हणून त्यांनी मेलबर्नच्या धक्क्यावर उडी मारली आणि पाय मोडून घेतला. त्यांना भाषा अनेक येत होत्या, म्हणून शोधून शोधून स्कॉटिश गेलिकमध्ये श्रुतलेखन घातलं! शेवटी वरिष्ठ न्यायालयाने ठरवलं, की कायद्याच्या अर्थाने ती युरोपीय भाषाच धरता येत नाही. परीक्षा फेल झाली, विद्यार्थी सुटला.

ही कल्पना आली कुठून? ते वाचलं आणि आपल्या मुंबईशी गाठ पडली. १८९६ च्या अखेरीस 'कुरलँड' आणि 'नादरी' या दोन आगबोटी हिंदुस्थानातून नाताळला, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या दरबान बंदराला लागल्या. कुरलँडवर गांधीजी होते, कस्तुरबा आणि मुलंही. मुंबईत तेव्हा प्लेगची साथ होती. त्या कारणाने दोन्ही बोटी तीन आठवड्यांहून जास्त काळ बंदराबाहेर रोखून धरल्या. १३ जानेवारी १८९७ ला गांधीजी उतरले तेव्हा गोऱ्यांच्या जमावाने त्यांना मारलं. पोलीस सुपरिंटेंडेंटच्या पत्नी, मिसेस अलेक्झांडर, छत्री उघडून मध्ये उभ्या राहिल्या म्हणून ते वाचले. हे आत्मकथेत आपण वाचलेलं आहे, मी वर्गात शिकवलेलंही आहे. पण पुढचं मी कधी शिकवलं नव्हतं. त्याच वर्षी नाताळ सरकारने कायदा केला, की उतरणाऱ्याने युरोपीय भाषेत अर्ज लिहून दाखवला पाहिजे. काळागोरा असा शब्द कायद्यात कुठेच नाही, कारण साम्राज्याची सगळी प्रजा समान असं लंडनला म्हणायचं होतं. वसाहतमंत्री चेंबरलेन यांनी हा नमुना बाकीच्या वसाहतींनाही सुचवला आणि ऑस्ट्रेलियाने तो उचलला. रंगाचं नाव न घेता रंग बघायची सोय. साधन कुठलं, तर शाळेतलं, वही आणि पेन.

ही परीक्षा ऑस्ट्रेलियात १९५८ पर्यंत कायद्यात होती. शॉन टॅनचे वडील मलेशियाहून पश्चिम ऑस्ट्रेलियात शिकायला आले ते १९६० मध्ये, म्हणजे अवघ्या दोन वर्षांनी. मुलगा १९७४ सालचा, पर्थजवळ वाढलेला. मुलाने मोठेपणी जे पुस्तक केलं त्यात कुणालाच श्रुतलेखन द्यावं लागत नाही. उलट ती लिपी सगळ्यांनाच अवघड, इंग्रजी येणाऱ्यालाही. त्या पुस्तकापुढे ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान आणि परवा उतरलेली आजी एकाच बाकावर बसतात. त्याने हे मुद्दाम त्या परीक्षेला उत्तर म्हणून केलं असं मी म्हणत नाही. मला तसं दिसलं, एवढंच.

आता त्या उलट्या चिकटवलेल्या पत्रकांकडे येते.

१९८४-८५ चा हंगाम असेल. मी वारणाकाठच्या एका गावात पाचवीला मराठी शिकवत होते. दिवाळीनंतर कारखान्याचा पट्टा पडला, की बीडकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येत आणि गावाबाहेर रानात पाचटाच्या कोप्या उभ्या राहत. त्यांची मुलं शाळेत सहसा येत नसत. मोठी मुलगी असेल तर तान्ह्या भावंडाला सांभाळणं हेच तिचं काम. पण त्या वर्षी एक मुलगी येऊन वर्गाच्या दाराशी बसायला लागली. दहा-अकरा वर्षांची, बंजारा तांड्यावरची, काखेला भाऊ. हेडमास्तर म्हणाले, "बसू दे, बाई." हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं.

एका शनिवारी श्रुतलेखन होतं. कुणीतरी तिला कागद आणि पेन्सिल दिली होती. तीही लिहिते आहे असं दिसलं, म्हणून वह्या गोळा करताना मी तिचा कागदही घेतला. त्यावर अक्षर एकही नव्हतं. एक बैलगाडी होती, उसाने वरपर्यंत भरलेली. मागे ओळीने चार कोप्या. गाडीच्या शेजारून चालणारी एक बाई, डोक्यावर मोळी, आणि तिच्या मागे एक लहान मुलगी, कडेवर बाळ. गाडीचा दांडा आणि बैलांचं जू इतकं बरोबर काढलं होतं की बघत राहावं. मी बघितलं का? मी लाल पेनने शून्य दिलं आणि खाली लिहिलं, 'हा चित्रकलेचा तास नाही.'

तिला ते वाचता आलं नसणार. पण लाल भोपळा सगळ्यांना कळतो. वर्ग हसला. सोमवारी ती आली नाही. टोळी पुढच्या गावाला गेली असेल, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. कोप्या मात्र त्यानंतरही आठ-दहा दिवस तिथेच होत्या. येता-जाता मला दिसत होत्या.

हजेरीपटावर नाव नसलेल्या मुलीला मी शून्य कशासाठी दिलं, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. मी वाईट शिक्षिका नव्हते, हे माझे विद्यार्थी सांगतील. पण त्या शनिवारी माझ्या वर्गाच्या दाराशी मी तेच केलं जे बंदरावरचा अधिकारी करत होता. तिने मला तिच्या प्रवासाची सगळी गोष्ट सांगितली होती, शब्दाविना, आणि मी शुद्धलेखन तपासत होते. तिचं नाव मला आठवत नाही, कारण ते मी कधी विचारलंच नाही. पाने उलटताना हसू का आलं नाही, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

हे मी लेकीलाही कधी सांगितलं नव्हतं. मेलबर्नमध्ये त्या रात्री सांगितलं. ती म्हणाली, "आई, मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा सहा महिने ऑफिसात फक्त हसून वेळ मारून नेत होते. बोलले असते तर तुला काळजी वाटली असती." म्हणजे आमच्या घरातही एक शब्द नसलेलं पुस्तक होतंच, मीच उघडलं नव्हतं.

असो. थोडं पुढचंही सांगते. इटलीचं लाम्पेदुसा नावाचं छोटं बेट आहे, सिसिलीपेक्षा ट्युनिशियाला जवळ. आफ्रिकेतून होड्यांतून येणारी माणसं तिथे उतरतात, आणि काही उतरण्याआधीच बुडतात. ऑक्टोबर २०१३ मध्ये एकाच होडीतली साडेतीनशेहून अधिक माणसं गेली. त्या बेटावरच्या मुलांसाठी, तिथल्या आणि बाहेरून आलेल्या, आंतरराष्ट्रीय बालसाहित्य मंडळाने, म्हणजे 'इब्बी'ने, २०१२ साली एक उपक्रम सुरू केला. देशोदेशींची शब्द नसलेली चित्रपुस्तकं गोळा करून तिथे ग्रंथालय करायचं. कारण उघड आहे. एक मूल अरबी बोलतं, एक तिग्रिन्या, एक इटालियन, आणि पुस्तक एकच.

अशी पुस्तकं एकट्या टॅनचीच नाहीत. पहिल्या महायुद्धात जिनिव्हात राहिलेले बेल्जियन चित्रकार फ्रान्स मासरील यांनी १९१९ मध्ये दीडशेहून जास्त लाकडी ठशांतून, एकही ओळ न लिहिता, शहरात आलेल्या एका माणसाचं आयुष्य सांगितलं. पेरूच्या इसा वातानाबे यांचं 'मिग्रांतेस' २०१९ चं. काळ्याभोर पानांवर कपडे घातलेले प्राणी निष्पर्ण जंगलातून चालताहेत आणि मागून मृत्यू चालतोय. वातानाबे हे आडनाव पेरूत कसं? तिचे आजोबा जपानहून तिथे गेलेले. या पुस्तकांच्या मागे बहुतेक वेळा असा एखादा आजोबा किंवा बाप असतो.

आपल्याकडे पिंगुळीचे चित्रकथी आहेतच. पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून ठाकर समाजातले कलावंत रामायण-महाभारतातली आख्यानं लावतात. पण तिथे चित्र कलावंताच्या हातात आणि गोष्टही त्याच्याच तोंडात. इथे गोष्ट बघणाऱ्याने सांगायची. नात तिच्या इंग्रजीत सांगे, मी माझ्या मराठीत, आणि दोन्ही बरोबर.

एक शंका मात्र इतिहासाची शिक्षिका म्हणून राहते. शब्द नसलेल्या पुस्तकात साल येत नाही, कायद्याचं नाव येत नाही, कुणी कुणाला अडवलं ते येत नाही. टॅनच्या पुस्तकातलं नवं शहर फार दयाळू आहे. प्रत्येक जण त्या माणसाला मदत करतो. खऱ्या बंदरांवर तसं झालं नाही. नातीने नुसती चित्रं पाहिली तर परक्या देशात कसं वाटतं ते तिला कळेल, पण दार बंद कुणी केलं होतं ते कळणार नाही. म्हणून १८९७, १९०१, १९१७, १९५८ ही सालं मी इथे लिहून ठेवली. ती मोठी झाली, आणि तोवर तिचं मराठी टिकलं, तर वाचेल.

पुस्तकाच्या शेवटी त्या माणसाची बायको आणि मुलगी येऊन पोचतात. अगदी शेवटी ती लहान मुलगी रस्त्यावर सुटकेस घेऊन गोंधळलेल्या एका नव्या बाईला हात करून वाट दाखवते. हे पान आलं तेव्हा नात म्हणाली, "आजी, दिस इज यू." खरंच होतं. पहिल्या दिवशी ट्राममध्ये मायकी कार्ड कुठे टेकवायचं ते तिनेच माझा हात धरून दाखवलं होतं, न बोलता.

निघायच्या आदल्या दिवशी तिने मला एक वही दिली. आत विमान, मी, आणि बरेच ढग. मोजले, चौदा. मेलबर्न ते मुंबई, तासाला एक ढग असा तिचा हिशोब. खाली एक अक्षरही नाही. मी लाल पेन घरीच ठेवून गेले होते ते बरं झालं.

तुमच्याकडे ऊसतोडीची, वीटभट्टीची, बांधकामावरची मुलं शाळेच्या दाराशी येत असतील, तर त्यांना आधी कागद द्या आणि नाव विचारा. श्रुतलेखन पुढच्या शनिवारी घेतलं तरी चालतं.